मैला, वायू आणि वीज : जुन्या रत्नागिरी जिल्ह्यातील एक परंपरा

सेंद्रिय कचऱ्यापासून होणाऱ्या वीजनिर्मितीचा इतिहास बहुधा यंत्रांच्या अंगाने लिहिला जातो. कोकणात मात्र त्याचे एक मूळ भंगीमुक्तीच्या, म्हणजे मैला वाहण्याच्या जातिबद्ध सक्तीतून माणसांना सोडवण्याच्या चळवळीत आहे. मैल्यातून निघणाऱ्या वायूवर इंजिन चालू शकते, हे मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठाश्रमातील 1897 च्या टाकीने दाखवले होते. परंतु मैला उचलणाऱ्यांचा प्रश्न तेवढ्याने सुटणारा नव्हता.

तो प्रश्न आयुष्यभर धरून बसलेले कार्यकर्ते म्हणजे सीताराम पुरुषोत्तम तथा आप्पासाहेब पटवर्धन. 1932 मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात त्यांनी स्वतः भंगीकाम मागितले, उच्चवर्णीय म्हणून ते नाकारले गेले तेव्हा त्यांनी अन्न कमी केले, आणि त्यांच्या पाठिंब्यासाठी येरवड्यात गांधीजींनीही उपवास आरंभल्यावर सरकारला नमते घ्यावे लागले. पुढे 1948 मध्ये कणकवलीस, जी 1981 पर्यंत रत्नागिरी जिल्ह्यातच होती, त्यांनी गोपुरी आश्रम स्थापिला आणि मैल्याला कोणाचा हात न लागता त्याचे खत व्हावे अशा संडासांचे प्रयोग केले. संडास थेट वायुसंयंत्राला जोडण्याच्या त्यांच्या कल्पनेला देहूचे डॉ. सु. वि. मापुस्कर यांनी ‘मलप्रभा’ या रचनेत परिपक्व रूप दिले.

अशा बंद टाकीत हवेवाचून वाढणारे जिवाणू मलातील वा शेणातील सेंद्रिय द्रव्य कुजवतात, त्यातून मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड यांचे मिश्रण निघते, आणि उरलेला पातळ गाळ, ज्याला स्लरी म्हणतात, शेताला खत म्हणून जातो. घरगुती संयंत्राचा वायू चुलीलाच संपतो, शिवाय त्यातील हायड्रोजन सल्फाइड इंजिनाचे धातू खाते. म्हणून वायू शुद्ध करून जनित्र फिरवणे मोठ्या प्रमाणावरच परवडते, आणि वीज या परंपरेत उशिरा आली यात नवल नाही. भाभा अणुसंशोधन केंद्रात डॉ. शरद काळे यांनी विकसित केलेल्या ‘निसर्गऋण’ पद्धतीने ती वाट रुंद केली. ओला कचरा दळून आधी हवेच्या सान्निध्यात आणि मग हवाबंद टाकीत कुजवला जातो, आणि माथेरानसारख्या ठिकाणी त्या वायूपासून वीजही केली गेली. मात्र ओल्या कचऱ्यात प्लास्टिक वा काच मिसळून आली की दळणयंत्रच अडते, त्यामुळे कचरा हाताने निवडण्याचे काम पुन्हा बहुतेकदा त्याच समाजांच्या वाट्याला येते, ज्यांच्यासाठी आप्पासाहेबांनी तुरुंगात अन्न कमी केले होते.