खनिज ते धातू : हैदराबादच्या संस्था आणि खाणकामाची पुढील दिशा

हैदराबाद शहरात लोहखनिजाची एकही खाण नाही. तरीही देशाच्या खाणकामाविषयी आणि धातुनिर्मितीविषयी अनेक महत्त्वाचे निर्णय याच शहरात होतात. मासाब टँक भागातील खनिज भवनात राष्ट्रीय खनिज विकास महामंडळाचे, म्हणजे एनएमडीसीचे मुख्यालय आहे. बेगमपेठेत अणुऊर्जा विभागाच्या परमाणू खनिज संचालनालयाचे मुख्यालय आहे. कांचनबाग परिसरात संरक्षण धातुविज्ञान संशोधन प्रयोगशाळा (डीएमआरएल) आणि मिश्र धातू निगम (मिधानी) या संस्था आहेत, तर मौला अली भागात अणुइंधन संकुल आहे. खनिजाचा शोध, उत्खनन, शुद्धीकरण, धातुनिर्मिती आणि मिश्रधातू या साखळीतील जवळजवळ प्रत्येक कडीची संस्था या एका शहरात आढळते.

गोव्याने याच काळात साखळीची केवळ पहिली कडी सांभाळली. डिचोली, सत्तरी, सांगे आणि धारबांदोडा या तालुक्यांतून काढलेले खनिज बार्जमधून मांडवी व जुवारीमार्गे मुरगाव बंदरात आणि तेथून जपान व पुढे चीनमध्ये गेले. खाणी पुन्हा सुरू होत असताना खनिज आणि धातू यांच्यामध्ये काय घडते, हे समजून घेणे म्हणूनच महत्त्वाचे ठरते.

उत्खननाची बदलती पद्धत

एनएमडीसीची स्थापना १९५८ मध्ये झाली. छत्तीसगडमधील बैलाडिला आणि कर्नाटकातील दोणिमलै येथे तिच्या प्रमुख लोहखनिज खाणी आहेत. बैलाडिलाचे उत्खनन १९६८ मध्ये सुरू झाले, ते मुख्यतः जपानच्या पोलाद कारखान्यांसाठी. त्याकरिता किरंदुलपासून पूर्व घाट ओलांडून विशाखापट्टणमकडे जाणारा रेल्वेमार्ग बांधण्यात आला. २०२३-२४ या वर्षात कंपनीचे उत्पादन साडेचार कोटी टनांच्या घरात होते. २०३० पर्यंत ते दहा कोटी टनांवर नेण्याचे उद्दिष्ट आहे.

पृष्ठभागावरील खाणकामाचे मूळ टप्पे बदललेले नाहीत. भूवेधनाने साठ्याचा अंदाज घेणे, वरची माती व खडक हटवणे, सुरुंगाने खडक फोडणे, खनिज उचलून चाळणे आणि वाहून नेणे, हा क्रम आजही कायम आहे. बदलली आहे ती मोजमापाची अचूकता. खाणीचे त्रिमितीय प्रतिमान संगणकावर तयार केले जाते आणि कोणत्या पायरीवर कोणत्या प्रतीचे खनिज मिळेल, याचा अंदाज आधीच बांधला जातो. वर्षाला दहा लाख टन किंवा त्याहून अधिक उत्खननाचा आराखडा असलेल्या, अथवा पन्नास हेक्टर किंवा त्याहून मोठ्या क्षेत्राच्या खाणींना दरवर्षी ड्रोनद्वारे सर्वेक्षण करून प्रतिमा सादर करणे २०२१ च्या नियमदुरुस्तीने बंधनकारक झाले. या सर्वेक्षणात खाणपट्ट्याच्या सीमेबाहेरील शंभर मीटरचा पट्टाही येतो. सीमेबाहेरील उत्खननावरून मोठा वाद झालेल्या गोव्यासाठी ही तरतूद विशेष अर्थपूर्ण आहे.

वाहतुकीतही बदल होत आहे. बैलाडिलातील खनिजाची बारीक पूड पाण्यात मिसळून नळवाहिनीने नगरनारपर्यंत नेण्याचा प्रकल्प एनएमडीसीने हाती घेतला आहे. अशा वाहिनीमुळे ट्रकची धूळ आणि रस्त्यांवरील ताण टळतो. मात्र पाण्याची उपलब्धता आणि पूड वेगळी केल्यावर उरणाऱ्या पाण्याची विल्हेवाट हे नवे प्रश्न उभे राहतात.

कमी प्रतीच्या खनिजाचा प्रश्न

बैलाडिलाच्या खनिजात लोहाचे प्रमाण ६५ टक्क्यांच्या आसपास असते. गोव्यातील बहुतांश खनिज याहून बरेच कमी प्रतीचे, आणि त्यातही भुकटीचा वाटा मोठा. अशा खनिजातील सिलिका व अ‍ॅल्युमिना कमी करून लोहाचे प्रमाण वाढवण्याच्या क्रियेला खनिज शुद्धीकरण म्हणतात. खनिज दळून पाण्याच्या प्रवाहात जड आणि हलके कण वेगळे करणे, तीव्र चुंबकीय क्षेत्राने लोहयुक्त कण खेचून घेणे आणि रसायनांच्या साह्याने बुडबुड्यांवर कण तरंगवणे, या त्यातील प्रमुख पद्धती आहेत. हैदराबादमधील एनएमडीसीचे संशोधन केंद्र याच प्रश्नांवर काम करते. शुद्ध केलेल्या बारीक पुडीचे गोळे भाजून पेलेट तयार केले की ते झोतभट्टीत वापरता येतात.

गोव्याला हे तंत्र अपरिचित नाही. पाळी येथे १९६० च्या दशकात उभा राहिलेला पेलेट प्रकल्प देशातील अगदी सुरुवातीच्या प्रकल्पांपैकी होता, आणि आमोणे येथे कच्च्या लोखंडाची निर्मिती होते. तथापि निर्यातीतून झटपट पैसा मिळत असताना हे प्रयत्न अपवादच राहिले. ज्या काळात कमी प्रतीच्या मालाला गिऱ्हाईक नव्हते, त्या काळातील असे पुष्कळ खनिज टाकाऊ मातीसह डंपमध्ये गेले. आज त्याच डंपकडे साठा म्हणून पाहिले जाते.

शुद्धीकरणाचीही किंमत असते. लोह वेगळे केल्यावर उरणारा गाळ कुठेतरी साठवावा लागतो. ब्राझीलमधील ब्रुमाजिन्यो येथे २५ जानेवारी २०१९ रोजी लोहखनिजाच्या गाळाचा बांध फुटून सुमारे २७० जणांचा मृत्यू झाला. बैलाडिलाच्या परिसरात नद्यांचे पाणी लोहकणांनी लाल होण्याच्या तक्रारी जुन्या आहेत, आणि शेतात उतरणारा खाणीचा गाळ डिचोलीतील शेतकऱ्यांना नवा नाही. म्हणूनच गाळातील पाणी काढून त्याचे कोरडे थर रचण्याच्या पद्धतीकडे जगभर कल वाढत आहे.

धातूचे मूल्य कुठे वाढते

हैदराबादच्या धातुसंस्था पाहिल्या की खनिजाचे मूल्य कुठे वाढते, हे स्पष्ट होते. केरळच्या किनाऱ्यावरील वाळूत झिरकॉन आणि इल्मेनाइट ही खनिजे असतात. झिरकॉनमधील झिर्कोनियमसोबत नेहमी थोडे हाफ्नियम असते. हे दोन्ही धातू रासायनिकदृष्ट्या इतके सारखे आहेत की त्यांना वेगळे करणे अत्यंत अवघड. पण हाफ्नियम न्यूट्रॉन शोषून घेते, त्यामुळे अणुभट्टीतील इंधननलिकांसाठी ते काढून टाकावेच लागते. अणुइंधन संकुलात द्रावक निष्कर्षणाने हे वेगळे करण्याचे काम चालते आणि त्या झिर्कोनियमच्या मिश्रधातूपासून नलिका तयार होतात.

इल्मेनाइटची कथा अशीच आहे. त्यापासून टायटॅनियम स्पंज बनवण्याचे तंत्र डीएमआरएलने विकसित केले आणि २०११ मध्ये केरळातील चवरा येथे वर्षाला ५०० टन क्षमतेचा कारखाना सुरू झाला. १९७३ मध्ये स्थापन झालेल्या मिधानीमध्ये निर्वात भट्ट्यांत टायटॅनियमचे मिश्रधातू, अतिउष्णता सहन करणारे मिश्रधातू आणि अग्निबाणांच्या आवरणांसाठीचे मॅरेजिंग पोलाद तयार होते. हवेतील प्राणवायू आणि नायट्रोजन यांचा अंशही अशा धातूंना ठिसूळ करू शकतो, म्हणून हे वितळण निर्वातात होते.

तेलंगणच्या भूमीला ही परंपरा नवी नाही. निजामाबाद जिल्ह्यातील कोनसमुद्रम येथे मातीच्या मुशीत बनणारे पोलाद इराणी व्यापारी विकत घेऊन जात. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत हा व्यापार चालू होता. तिथेही किंमत मुशीतून निघणाऱ्या पोलादाला होती.

पुढील काळातील प्रवाह

पुढील दोन-तीन दशकांत या क्षेत्राला तीन दिशा मिळतील. पहिली कार्बन उत्सर्जनाची. कोळशावर आधारित झोतभट्टीत एक टन पोलादामागे दोन टनांच्या आसपास कर्बवायू बाहेर पडतो. केंद्र सरकारने डिसेंबर २०२४ मध्ये हरित पोलादाची व्याख्या ठरवली. त्यानुसार प्रतिटन २.२ टनांपेक्षा कमी उत्सर्जनाचे पोलाद हरित मानले जाते. युरोपीय संघाचा सीमेवरील कार्बन आकार २०२६ पासून लागू झाला आहे. कोळशाऐवजी हायड्रोजनने लोहखनिजातील प्राणवायू काढण्याचे प्रयोग स्वीडनमध्ये यशस्वी झाले आहेत. परंतु या पद्धतीत खनिज वितळत नसल्याने त्यातील माती धातूतच राहते. त्यामुळे सुमारे ६७ टक्के लोह असलेले खनिज लागते. कमी प्रतीच्या खनिजाला भविष्यात शुद्धीकरणाशिवाय चांगली बाजारपेठ मिळणे कठीण आहे.

दुसरी दिशा दुर्मीळ व मोक्याच्या खनिजांची. जानेवारी २०२५ मध्ये राष्ट्रीय क्रिटिकल मिनरल मिशनला मंजुरी मिळाली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये चीनने काही दुर्मीळ मृदा धातूंच्या निर्यातीवर निर्बंध आणले आणि वाहन उद्योगाला चुंबकांची टंचाई जाणवली. साठे जमिनीत असले तरी त्यांतून धातू वेगळे करण्याची क्षमता नसेल, तर परावलंबन टळत नाही, हे त्यातून दिसले.

तिसरी दिशा पुनर्वापराची. भंगार पोलाद विजेच्या भट्टीत वितळवल्यास उत्सर्जन कितीतरी कमी होते. जुन्या बॅटऱ्या आणि इलेक्ट्रॉनिक कचरा हे धातूंचे नवे साठे मानले जाऊ लागले आहेत.

गोव्यासाठी अर्थ

सर्वोच्च न्यायालयाच्या ७ फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने राज्यातील ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द झाले. डिसेंबर २०२२ पासून लिलाव सुरू झाले आणि डिचोलीतून पुन्हा खनिज निघू लागले. ट्रकमालक, बार्जमालक आणि खाणींवर अवलंबून असलेली कुटुंबे यांच्यासाठी हा दिलासा आहे. मात्र लिलावाने मिळणारे खाणपट्टे पन्नास वर्षांसाठी असतात, म्हणजे आजच्या अटी २०७० नंतरही लागू असतील. डंपमधील मालाची प्रत प्रथम तपासायची की तो जसा आहे तसा विकायचा, शुद्धीकरण राज्यात करायचे की परदेशी बंदरात होऊ द्यायचे, आणि उरणारा गाळ कोणत्या खोऱ्यात ठेवायचा, हे प्रश्न या मुदतीच्या प्रारंभीच सोडवावे लागतील. बैलाडिलाचे खनिज देशात बाहेर पडू लागल्यानंतर ५५ वर्षांनी, २०२३ मध्ये, नगरनार येथे त्यापासून पोलाद तयार होऊ लागले. तेवढा अवधी गोव्याच्या उरलेल्या साठ्यांजवळ नाही.