काला अंब आणि ‘गिलचा’

दिल्लीहून मुलांना काला अंब दाखवावयास नेणाऱ्या आम्हां मराठी मंडळींपुढे एक पेच असतो. पानिपतच्या बखरी वर्गात वाचावयाच्या, तर त्यांतील ‘गिलचा’, ‘म्लेंच्छ’ या शब्दांचे काय करावे? ते गाळणे सोपे. आम्हांस मात्र ते रुचत नाही. गिलचा म्हणजे गिलजई पठाण. अहमदशहा तर अब्दाली, गिलजईंच्या जुन्या प्रतिस्पर्ध्यांपैकी! शत्रू कोण हेही धड न पाहता सरसकट चिकटविलेले हे नाव मुलांना तसेच उलगडून सांगावे. पण इब्राहिमखान गारदी त्याआधी शिकवावा. १४ जानेवारी १७६१ रोजी तो भाऊसाहेबांच्या बाजूने लढला, घायाळ होऊन शत्रूच्या हाती सापडला आणि मारला गेला. त्याच वर्गात एखादा खान आडनावाचा मुलगाही बसलेला असतो.