कर्करोगाचे उपचार आणि कोरडे तोंड

धानाचा जिल्हा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गोंदियात खर्ऱ्याचे व्यसन गावोगावी आढळते. सुपारी, तंबाखू व चुना घोटून केलेला हा खर्रा मुखकर्करोगाला निमंत्रण देतो. तोंड व घशाच्या कर्करोगात शस्त्रक्रियेच्या जोडीने अनेकदा किरणोपचार द्यावे लागतात. त्यासाठी जिल्ह्यातील बरेच रुग्ण नागपूर गाठतात. सहा-सात आठवड्यांचे उपचार आटोपून रुग्ण आमगाव, देवरी किंवा अर्जुनी मोरगावला परततो, तेव्हा गाठ गेलेली असली तरी तोंडाचा कोरडेपणा मागे उरतो. साधी तहान समजून त्याकडे दुर्लक्ष केल्यास दात आणि जबडा दोन्ही धोक्यात येतात.

कोरडेपणा का येतो?

निरोगी माणसाच्या तोंडात दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. ती घास ओला करते, आम्लाचा परिणाम सौम्य करते आणि दातांना किडीपासून वाचवते. किरणांच्या मार्गात लाळग्रंथी आल्या, की पहिल्या एक-दोन आठवड्यांतच लाळ घटून चिकट होते. केमोथेरपीमुळे आलेला कोरडेपणा बहुधा उपचार संपल्यावर ओसरतो. किरणोपचारानंतर मात्र सुधारणेस अनेक महिने लागतात आणि काहींमध्ये तो कायम राहतो. 'आयएमआरटी' या तंत्राने कानाजवळच्या लाळग्रंथींना बसणारी किरणांची मात्रा कमी ठेवता येते. आपल्या बाबतीत ते शक्य आहे का, हे उपचारांपूर्वीच डॉक्टरांना विचारावे.

उपचारांपूर्वी

किरणोपचार सुरू होण्याआधी दंतवैद्यांकडून संपूर्ण तपासणी करून घ्यावी. काढावे लागणारे दात आधीच काढून जखम भरू द्यावी. किरणोपचारानंतर दात काढल्यास जबड्याचे हाड भरून न येता कुजण्याचा धोका असतो. हा धोका वर्षानुवर्षे टिकतो. त्यामुळे पुढे कधीही दात दुखला, तरी किरणोपचार झाल्याचे दंतवैद्यांना सांगितल्याशिवाय आणि कर्करोगतज्ज्ञांच्या सल्ल्याशिवाय तो काढू नये.

घरची काळजी

* पाण्याची बाटली जवळ ठेवून दिवसभर घोट-घोट पाणी प्यावे. रात्रीही उशाशी पाणी असावे.
* ग्लासभर कोमट पाण्यात पाव चहाचा चमचा खाण्याचा सोडा व चिमूटभर मीठ घालून दिवसातून अनेकदा चूळ भरावी. अल्कोहोलयुक्त माउथवॉश टाळावा.
* मऊ ब्रशने दात घासावेत. दंतवैद्यांनी सुचविलेली फ्लोराइडची जेल किंवा पेस्ट रोज वापरावी.
* भाताची पेज, मऊ वरण-भात, पातळ खिचडी असे ओलसर अन्न घ्यावे. भाकरी वरणात कुस्करावी. तिखट, फार गरम व कोरडे पदार्थ टाळावेत.
* उन्हाळ्यात विदर्भाची कोरडी हवा त्रास वाढवते. खोलीत हवा ओलसर राहील असे पाहावे, ओठांना व्हॅसलीन लावावे.

मोहाचे पदार्थ

तोंडाला पाणी सुटावे म्हणून रुग्ण खडीसाखर, लिंबाच्या गोळ्या किंवा सुपारी चघळू लागतात. लाळेअभावी साखर व आम्ल दातांची झपाट्याने हानी करतात. सुपारी तर तंबाखूविनाही कर्करोगकारक आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००३ मध्येच तसे जाहीर केले होते. 'थोडीशी सुपारी' पुन्हा खर्ऱ्याकडे नेते आणि कर्करोग उलटण्याची शक्यता वाढवते. चघळायचेच असल्यास साखरविरहित च्युइंगगम बरा.

औषधे

कृत्रिम लाळेचे स्प्रे व जेल यांनी तात्पुरता आराम पडतो. ग्रंथींत थोडीफार क्षमता शिल्लक असल्यास पिलोकार्पिनच्या गोळ्यांचा उपयोग होऊ शकतो. मात्र दमा, काचबिंदू वा हृदयविकार असलेल्यांनी त्या स्वतःहून घेऊ नयेत. ॲलर्जी, रक्तदाब किंवा नैराश्यावरील काही औषधांनीही तोंड कोरडे पडते. म्हणून चालू असलेली सर्व औषधे डॉक्टरांना दाखवावीत.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

तोंडात पांढरे चट्टे व जळजळ, न भरणारी जखम, उघडे पडलेले हाड, गिळताना ठसका किंवा सतत घटणारे वजन यांपैकी काहीही आढळल्यास पुढील तपासणीच्या तारखेची वाट पाहू नये. अशी लक्षणे नसली, तरी दर काही महिन्यांनी दातांची तपासणी करून घेण्याची सवय आयुष्यभर ठेवावी.