वाट कोण ठरवतो : राजा की डोंगर?

१/६
जुन्या मार्गांची विभागणी बहुधा राजवटींनुसार होते : सातवाहनांचा मार्ग, शिवकालीन मार्ग, इंग्रजांचा रस्ता. पण एकच वाट अनेक राजवटींनी तुडवलेली असते. ती कोणत्या भूमीवरून जाते हे पाहिले, तर तिचा इतिहास अधिक उलगडतो. महाराष्ट्रापुरते पाहू : देश, घाट, कोकण. 🧵

२/६
देश : पठारावर चाक चालते. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथानुसार पैठण व तेर येथील माल गाड्यांतून भडोचला जाई आणि वाटेत रस्ते नसलेले मोठे पट्टे लागत. काळ्या मातीत चाकोरी रुतली की गाडीवान शेजारून नवी पाडतो. म्हणून देशावरील वाट रेषेपेक्षा बाजारपेठा आणि नदीचे उतार यांवरून शोधावी लागते.

३/६
घाट : येथे चाक थांबते, पाठीवरचे ओझे सुरू होते. डोंगराच्या उतरत्या सोंडेवरून लादलेला बैल जाऊ शकतो. शिडीच्या वाटेने फक्त माणूस. जुन्नर आणि कल्याण यांना जोडणारा नाणेघाट अरुंद, म्हणूनच चुकवता न येणारा. तेथील दगडी रांजण जकातीचा मानला जातो. पाण्याची कोरीव टाकी आणि नागनिकेचा ब्राह्मी लेखही तेथेच आहेत.

४/६
हीच अरुंदता युद्धात निर्णायक ठरते. १६६१ मध्ये कारतलबखानाचे मोठे सैन्य उंबरखिंडीत शिरले. दाट रानातील चिंचोळ्या वाटेत संख्याबळ निरुपयोगी झाले आणि शिवाजी महाराजांच्या तुलनेने लहान फौजेपुढे खानाला शरण जावे लागले.

५/६
कोकण : येथे वाट वारंवार पाण्याशी थांबते. खाडीवर तर, चढावर दगडी पायऱ्यांची पाखाडी आणि शेवटी बंदर : सोपारा, कल्याण, चौल. जमिनीवरचा नकाशा एकटाच पाहिला, तर हा मार्ग तुटकच दिसतो.

६/६
१८३० मध्ये बोरघाटातून गाडीरस्ता खुला झाला, १८६३ मध्ये रेल्वे आली. चाकाने घाट जिंकला आणि बैलांच्या वाटा ओस पडत गेल्या. आज किल्ला जपला जातो, लेख वाचला जातो. त्यांना जोडणारी पायरी मात्र रुंदीकरणात सहज उखडली जाते. वाट कोणत्या प्रकारची आहे हे ओळखले, तरच तिच्यावर नेमके काय जपायचे हे कळते.