रस्त्यावर आधी कोण आले?

आम्ही रोज सायकलने शाळेत जातो. वर्गातली मुले हसत विचारतात, "सर, आप गाडी कायको नहीं लेते?" गेल्या हिवाळ्यात लक्ष्मीपुरीत उभ्या मोटारीचे दार अचानक उघडले, आम्ही आपटलो आणि गुडघ्याला टाके पडले. मोटारवाले गृहस्थ म्हणाले, "मास्तर, सायकल घेऊन एवढ्या रहदारीत येताच कशाला?" जखम भरली, प्रश्न मात्र राहिला. या रस्त्यावर आधी कोण आले, सायकल की मोटार?

आपल्या मुलखात सायकलची कहाणी बेळगावहून सुरू होते. १८८८ साली किर्लोस्कर बंधूंनी तेथे सायकलचे दुकान थाटले. तेव्हा ती साहेबांची आणि श्रीमंतांची चीज होती. स्वातंत्र्यानंतर १९५१ मध्ये ॲटलस व १९५६ मध्ये हिरो हे देशी कारखाने निघाले आणि सायकल कष्टकऱ्याच्या हाती आली. उद्यमनगरच्या फौंड्रीत जाणारा कामगार, किटल्या अडकवून गंगावेशीत येणारा दूधवाला, सारे सायकलवर. आमचे अब्बाही त्यांतलेच. आपल्या समाजातील कितीतरी घरांची चूल सायकल-दुरुस्तीवर पेटली. आज 'पंक्चरवाला' म्हणून हिणवले जाते, पण त्याच पैशांतून कित्येकांच्या शाळेच्या फिया भरल्या गेल्या.

त्या काळी अनेक नगरपालिका सायकलवर कर घेत आणि बिल्ला देत. रात्री दिवा नसला, डबलसीट बसवले की पोलीस अडवत. जाच होताच, पण रस्त्याच्या हिशेबात सायकल धरलेली होती. पुढे कर गेला, बिल्ला गेला आणि सायकल त्या हिशेबातूनही गेली.

महाद्वार रोड, बिंदू चौक हा भाग माणसांच्या आणि बैलगाड्यांच्या मापाचा. शाहू महाराजांनी १८९५ मध्ये व्यापारासाठी वसवलेली शाहूपुरीही मोटारयुगाच्या आधीची. याच रस्त्यांवर पुढे स्कूटर, रिक्षा, मोटारी वाढल्या. मग शहरातील सुमारे ५० किलोमीटर रस्ते नव्याने रुंद झाले. त्यावरच्या टोलविरुद्ध कोल्हापूरकर वर्षानुवर्षे लढले आणि २०१५ च्या अखेरीस टोल हटला. आम्ही त्या वेळी विद्यार्थी होतो, घोषणा दिल्या होत्या. आज वाटते, पैसे कोणी द्यायचे यावर आम्ही भांडलो. रस्ता कोणाचा, हे विचारायचे आम्हांला सुचलेच नाही.

रुंद रस्त्याने वेग वाढतो आणि कडेची जागा उभ्या गाड्या खातात. सायकलस्वार मग मध्ये ढकलला जातो. हंगामात कसबा बावड्याच्या कारखान्याकडे उसाच्या ट्रॉल्या निघतात. ट्रॅक्टर डावीकडे वळला की मागची ट्रॉली त्याच्यापेक्षा आतून वळते आणि कडेचा सायकलस्वार चाकाखाली सापडतो. अंधारात मागे तांबडा दिवा नसलेली ट्रॉली तर दिसतही नाही. यात सायकलस्वाराचा गुन्हा कोणता?

हॉलंडमध्येही एके काळी असेच होते. १९७१ साली तेथे रस्त्यांवर तीन हजारांहून अधिक माणसे मेली, त्यांत चारशेहून अधिक मुले होती. आईबाप रस्त्यावर उतरले. त्यात तेलटंचाईचे निमित्त झाले आणि सरकारने सायकलसाठी वेगळ्या वाटा बांधायला घेतल्या. म्हणजे ती सोय निसर्गाने दिलेली नाही, मागून मिळवलेली आहे.

आपण निदान एवढे जाणावे, की मोटारीने सायकलस्वाराला उडवले तर अपघात न्यायाधिकरणाकडे भरपाई मागता येते. ठोकून पळालेली गाडी सापडली नाही, तरी २०२२ पासून मृत्यूसाठी दोन लाख आणि गंभीर दुखापतीसाठी पन्नास हजार रुपयांची तरतूद आहे. पण फिर्याद नोंदवावी लागते. आपल्यातले बरेच जण 'नसीब' म्हणून घरी बसतात.

शाहू महाराजांनी १९०६ मध्ये मुस्लिम बोर्डिंग सुरू करून दिले, ते खेड्यातल्या पोराला शिक्षणापर्यंत पोहोचता यावे म्हणून. आज आमच्या वर्गातली काही पोरे सायकलवर येतात. हजेरी घेताना एखादे नाव पुकारल्यावर उत्तर आले नाही, की आमचे लक्ष आधी खिडकीबाहेरच्या रस्त्याकडे जाते.