नवगाव : आडनावातले गाव
(लंडन येथील कौटुंबिक मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचे ध्वनिमुद्रणावरून केलेले शब्दांकन)



आमचे आडनाव नवगावकर. माझा नातू येथेच, लंडनमध्ये जन्मला. आपले आडनाव येथे कोणालाही धड उच्चारता येत नाही, म्हणून रीतसर अर्ज करून त्यातील अर्धा भाग गाळावा, असा त्याचा विचार आहे. त्याने मला विचारले, "आजोबा, त्या गावात आता आपले काय आहे?" मला लगेच उत्तर सुचले नाही. आजचे भाषण म्हणजे त्या प्रश्नाला उशिरा दिलेले उत्तर होय.

प्रथम गाव कोठे आहे ते सांगतो. मुंबईहून बोटीने मांडव्याला उतरावे आणि अलिबागच्या वाटेला लागावे. किहीम-थळच्या टापूत, समुद्राच्या अगदी कडेला नवगाव वसले आहे. पश्चिमेला वाळूचा किनारा, त्यामागे नारळी-पोफळीच्या वाड्या, आणि त्यांच्याही मागे भातखाचरे. समोर समुद्रात खांदेरी व उंदेरी ही दोन बेटे दिसतात. खांदेरीवर १६७९ साली शिवाजी महाराजांनी तटबंदी सुरू केली, तेव्हा मुंबईकर इंग्रजांनी आरमार पाठवून अडथळा आणला. पुढल्याच वर्षी जंजिऱ्याच्या सिद्दीने उंदेरी बळकावली. मुंबई बंदराच्या तोंडाशी असलेली ही बेटे आणि त्यांच्याभोवतीचे खडक गलबतांना नेहमीच धोक्याचे ठरले. १८६७पासून खांदेरीवर दीपगृह उभे आहे. आपल्या पूर्वजांच्या काळी तेथे दिवा नव्हता.

आपल्या घरोघरी सांगितली जाणारी कथा येथूनच सुरू होते. याच खडकांपाशी एक गलबत फुटले. सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या जिवंत किनाऱ्याला लागल्या. बाकीच्यांची प्रेते लाटांनी नवगावाच्या वाळूत आणून टाकली. वाचलेल्यांनी त्यांना तेथेच मूठमाती दिली. पुरुषांना एकीकडे, स्त्रियांना दुसरीकडे. पोथ्यापुस्तके समुद्रात गेली. स्मरणात उरली ती 'शेमा'ची प्रार्थना, सुंता, शब्बाथ आणि खाण्यापिण्याचे नियम.

ही घटना केव्हाची? हाईम सॅम्युएल किहीमकर यांनी १८९७ साली लिहून पूर्ण केलेला आपला इतिहास त्यांच्या निधनानंतर, १९३७ साली तेल अवीवला छापला गेला. त्यांनी ही घटना अँटायोकस राजाच्या छळाच्या काळात, म्हणजे इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकात नेली आहे. इतरांनी वेगवेगळे काळ सुचवले. कोणाच्याही हाती त्या काळचा लेख नाही. शिवाय कोकणातच चित्पावनांची कथा आहे : समुद्रातून वाहत आलेली चौदा प्रेते परशुरामाने जिवंत केली. आपलेही सात अधिक सात चौदाच होतात. शेजाऱ्यांच्या कथा एकमेकींच्या अंगणात जातात, हे अभ्यासकांनी फार पूर्वी ओळखले आहे.

२०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासाने मात्र दाखवले की बेने इस्राएलांच्या रक्तात मध्यपूर्वेतील यहुदी वंश आहे आणि भारतीय वंशही तितकाच ठळक आहे. मला हे दोन्ही सारखेच अभिमानाचे वाटते. आपले पूर्वज परक्या देशातून आले असतील. आपण घडलो ते कोकणात.

घडलो ते कसे? घाण्याला बैल जुंपून, तेल काढून. शनिवारी आपला घाणा बंद असे, म्हणून गावाने आपल्याला 'शनवार तेली' असे नाव दिले. हे नाव देणाऱ्यांनी शब्बाथचा अर्थ विचारला नाही; पण आपण तो पाळतो, हे त्यांनी पाहिले आणि मान्य केले. पुढे वस्ती वाढली तशी माणसे किनाऱ्याने आणि खाडीकाठाने पसरली. ज्या गावी घर, ते आडनाव : किहीमकर, पेणकर, रोहेकर, दिवेकर, अष्टमकर, झिराडकर. पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्याचा नकाशा हीच आपली वंशावळ आहे.

सणांची नावेही शेतातलीच. रोश हशाना हा 'नव्याचा सण', त्याच्या पाठोपाठ 'खिरीचा सण', आणि तिशा बेआवच्या शोकदिनाला 'बिर्ड्याचा सण'. भाताच्या कापणीनंतर त्याच खाचरात वाल पेरतात. त्या वालांना मोड आणून, सोलून केलेले बिरडे. जेरुसलेमच्या मंदिराचा शोक आपण अलिबागच्या वालांनी पाळला. हिब्रू येत नव्हती तेव्हा धर्म जगला तो स्वयंपाकघराच्या आधाराने.

मुंबई वाढू लागली तशी माणसे तिकडे गेली. सॅम्युएल इझेकिएल दिवेकर यांनी १७९६ साली तेथे आपली पहिली मशीद बांधली. आपले आजे-पणजे सिनेगॉगला मशीदच म्हणत. १९४८ साली भारताबाहेर जी वाट खुली झाली तिने उरलेली घरेही उघडली आणि रिकामी केली. १८४८ हे अलिबागच्या 'मागेन आबोथ'चे साल, आणि बरोबर शंभर वर्षांनी, १९४८ला, इस्रायल राष्ट्र झाले. त्या वेळी भारतात आपण सुमारे २०,००० होतो.

काही वर्षांपूर्वी मी नवगावला गेलो. दफनभूमी शोधत होतो. वाडीत काम करणाऱ्या एका वृद्ध बाईंनी मला विचारले, "कुनाचे तुम्ही?" मी आडनाव सांगितले. त्या हसल्या : "म्हंजे आमच्याच गावचे की." त्यांनी वाट दाखवली. स्मारकापाशी मी कद्दीश म्हणू शकलो नाही, कारण दहा जण नव्हते. मी 'शेमा' म्हटले. पूर्वजांनाही तेवढेच येत होते.

इंग्लंडात वॉशिंग्टन हे एका गावाचे नाव आहे, आणि ओपनहाइमर म्हणजे जर्मनीतील ओपनहाइमचा. त्यांचे वंशज नाव बदलत नाहीत. तरीही मी नातवाला आग्रह करणार नाही. त्याच्या प्रश्नाचे उत्तर एवढेच : तेथे आपले घर नाही, सातबाऱ्यावर नाव नाही, ज्यांची नावे कोणालाच ठाऊक नाहीत अशी आपली माणसे तेथे आहेत. त्यांची आठवण टिकली आहे ती आपल्या आडनावात.

अर्ज अजून भरलेला नाही. येत्या हिवाळ्यात आम्ही दोघे मांडव्याला उतरणार आहोत. निर्णय त्याने परत आल्यावर घ्यावा, एवढेच आमचे ठरले आहे.