जर्मन रायफल, मराठी चिंधी

घाटकोपरच्या पुलावर घाईघाईत खिशात टाकलेल्या तुमच्या फोनचा इथे काडीचा उपयोग नाही. तारीख १० एप्रिल १९४५, जागा उत्तर इटलीतल्या सेनिओ नदीचा बांध. नदी म्हणजे मोठा ओढाच. पण दोन्ही बाजूंना मातीचे उंच बांध, आणि बांधांच्या पोटात जर्मनांनी खणलेली बिळं. पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली पलटण काल ही नदी ओलांडून आली. नगर जिल्ह्यातल्या निमजचा नामदेव जाधव, कंपनीचा रनर म्हणजे निरोप्या, दोन जखमींना एकेक करून पाण्यातून, बांधावरून, सुरुंगांच्या पट्ट्यातून बाहेर घेऊन गेला. मग त्याने मशीनगनची तीन ठाणी एकट्याने गप्प केली. त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळणार, हे या बांधावर फक्त तुम्हाला माहीत आहे. बोलू नका.

तुमच्या पायाशी चिखलात एक रायफल पडली आहे. उचलायला वाकता, तेवढ्यात मागून आवाज येतो.

‘‘ये पोरा! आधी आत गोळी हाय का बघ. आन् नळी तिकडं कर, माझ्याकडं न्हाय.’’

हवालदार साताऱ्याकडचा असावा. तो रायफल हातात घेतो, बोल्टची मूठ वर उचलून मागे ओढतो. एक पितळी काडतूस टुणकन उडून चिखलात पडतं. मग तो आत बोट घालून चाचपतो. नजरेवर त्याचा भरवसा नाही, आणि ते बरोबरच आहे.

आता ओळख. हवालदाराच्या ली-एनफील्डच्या पोटाखाली दहा गोळ्यांची पेटी बाहेर आलेली आहे. हिचं पोट सपाट, पाच गोळ्या आतच मावतात. लांबी १११ सेंटिमीटर, वजन चार किलोच्या आसपास. ही काराबिनर ९८ कुर्त्स, १९३५ पासून जर्मन सैन्याची नेहमीची रायफल. दस्ता अखंड लाकडाचा नाही; कडेला पातळ थर एकावर एक चिकटवलेले दिसतात. असा दस्ता दमट हवेत कमी वाकतो.

हवालदार सदऱ्याच्या बाहीने नळीच्या मुळाशी असलेला चिखल पुसतो. वर तीन लहान अक्षरं आणि दोन आकडे उमटतात : बीवायएफ ४३. त्याला ती नक्षी वाटते. तुम्हाला मात्र कळतं, की हे ओबर्नडोर्फच्या माउझर कारखान्याचं गुप्त नाव आणि १९४३ साल आहे. शत्रूला कारखाना कळू नये म्हणून नावाऐवजी अक्षरं. श्टायरची असती तर बीएनझेड, ब्रनोची असती तर डीओटी. बाजूला चिमुकला गरुड, त्याच्याखाली १३५. तो लष्करी तपासनीसाचा शिक्का. आणखी दहा दिवसांनी ओबर्नडोर्फ फ्रेंचांच्या ताब्यात जाईल. तेही बोलू नका.

आता अनुक्रमांक बघा. नळीवर चार आकडे आणि एक अक्षर. बोल्टवर तेच आकडे. खालच्या पत्र्यावर तेच. बारक्या भागांवर जागा नाही म्हणून शेवटचे दोनच. कारखान्यातून निघाली तशीच ही इथवर आली आहे. कुणी वाटेत हिचा बोल्ट बदललेला नाही.

‘‘आता पुसू या,’’ हवालदार म्हणतो. ‘‘कुनाचीबी असंना, घाण हत्यार बघवत न्हाय.’’

चहाच्या डेगचीतलं उकळतं पाणी तो सरळ नळीत ओततो. तुम्ही दचकता. लोखंडात पाणी? पण त्याचं बरोबर आहे. काडतुसाच्या टोपीतला पोटॅशियम क्लोरेट जळला की नळीत पोटॅशियम क्लोराइड उरतो. तो मिठाचाच भाऊ, हवेतलं पाणी ओढतो आणि दोन दिवसांत गंज चढवतो. तेलात तो विरघळत नाही, पाण्यात विरघळतो. उकळत्या पाण्याने नळी तापते आणि आपोआप सुकतेही. मग पुलथ्रूची दोरी, तिच्या फासात फ्लॅनेलची चिंधी, एका दमात आरपार. पहिली चिंधी काळी येते, पुढची करडी. शेवटची पांढरी आल्यावर तेलाची.

नंतर तो वाळू आणि चिंधी घेऊन नळीच्या मुळाजवळचा भाग घासायला बसतो. काळपट रंग जातो, लोखंड चकाकू लागतं. गरुडही जरा पुसट होतो. त्याला त्याचं काय? जवानाला हत्यार उद्या चाललं पाहिजे. मागच्या जुलैत याच रेजिमेंटच्या तिसऱ्या पलटणीतल्या यशवंत घाडगेला मॅगझिन बदलायलाही वेळ मिळाला नव्हता. शेवटच्या दोघांना त्याने बंदुकीच्या दस्त्याने लोळवलं आणि स्वतः तिथेच पडला. माणगावात त्याचा पुतळा आहे. अशा माणसांना शिक्के जपा म्हणून सांगायला तुमची जीभ उचलणार नाही.

आता ऐंशी वर्षं पुढे. बोरिवली, जुलै, कपाटाच्या पाठीला बुरशी. इथे परवान्याशिवाय अशी रायफल घरात ठेवणं म्हणजे १९५९च्या शस्त्र कायद्याखाली थेट गुन्हा. म्हणून तशीच दुसरी एक तुम्हाला दिसते ती फोनवर. अमेरिकेतल्या एडिसनहून भाच्याचा व्हिडिओ कॉल आहे.

‘‘मामा, ही बघ! बीवायएफ ४३. सगळे नंबर जुळतात!’’

‘‘आधी बोल्ट उघड. रिकामी आहे ना? बोट घालून बघ. आता बोल्टवरचा नंबर कॅमेऱ्याजवळ धर.’’

आकडे ठोकलेले नाहीत, विजेच्या पेनने खरडलेले आहेत. नळीच्या मुळाशी, रिसीव्हरवर, एक्सची खूण आहे, दस्त्यावर लाखेचा तांबूस थर. ही सोव्हिएत सैन्याने पकडलेली. त्यांनी अशा रायफली सुट्या केल्या, साफ केल्या, हाताला येईल तो बोल्ट बसवला आणि त्यावर रिसीव्हरचा नंबर खरडला. खरडलेल्या आकड्यांच्या बाजूला मूळ ठोकलेला, वेगळाच नंबर अजून दिसतो.

भाचा हिरमुसतो. ‘‘बरं, निदान चकाचक तरी करतो. स्टील वूल आणलंय.’’

‘‘ते ठेव बाजूला. पॉलिशपण नको, वॉर्निशपण नको. ती लाखसुद्धा राहू दे, तीही आता हिचीच.’’

‘‘मग साफ करू काय?’’

‘‘नळी. जुन्या गोळ्या झाडल्या असशील तर त्याच दिवशी गरम पाणी, मग कोरडी चिंधी, मग तेल. बाहेरून तेलाचा हलका हात. लाकूड फक्त सुक्या फडक्याने पूस. गरुडाजवळ आलास की घासू नकोस, टिप. आणि चामड्याच्या पिशवीत ठेवू नकोस, दमट हवेत तिच्यातच गंज धरतो.’’

‘‘पाणी? नळीत? मामा, नक्की ना?’’

‘‘नक्की. उकळतं.’’